विहिरीला रहाट होता

तात्या, अलिबागच्या साप्ताहिकाने तुमच्यावर बारा ओळी छापल्या आहेत. त्यांत तुम्ही मायमराठीचे एकनिष्ठ सेवक आहात, विद्यार्थिप्रिय आहात आणि सदा हसतमुख आहात. ज्याने हे लिहिलं त्याने तुम्हाला हसताना नक्की कुठे पाहिलं असेल, याचा मी दोन दिवस विचार केला. मग सवयीने ते कात्रण खिडकीशी नेऊन उजेडात तिरकं धरलं. त्यावर ओरखडा नव्हता. तुम्ही असता तर 'हसतमुख'खाली तुमचं नख कागद फाडून पलीकडे गेलं असतं.

तुमची ही नखाची तऱ्हा तुम्हालाच काय सांगायची, पण आज ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. तुम्ही कुणाच्या लिखाणावर शाईचा थेंब पाडला नाहीत. खटकलेल्या ओळीखाली अंगठ्याचं नख ओढायचं, एवढंच. वही परत आली की ती तिरकी धरायची आणि कुठे ओरखडा चमकतो ते शोधायचं. का खटकलं, ते सहसा सांगायचा नाहीत. "शाईने खोडलं की माणूस माझं खोडणं वाचतो, स्वतःची ओळ वाचत नाही," असं म्हणायचात. चौलच्या शाळेत तुम्ही हेडमास्तर आणि मी चौथीत, तेव्हापासून माझे निबंध असे ओरखडून परत आले. पुढे मी पुण्याला शिकून आले, रेवदंड्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले, माझ्या गोष्टी मुंबईच्या मासिकात येऊ लागल्या, तरी रविवारी दुपारी वाड्यांमधल्या वाटेने चौलला यायचं आणि वही घेऊन तुमच्या ओटीवर बसायचं, हे काही सुटलं नाही.

दुसरी परीक्षा काकूंची. काकू माजघराच्या दारात विळीवर नारळ खवत बसायच्या आणि मी मोठ्याने वाचायचं. तुम्ही डोळे मिटून माझं नव्हे, विळीचं ऐकत असायचा. खवणं थांबलं तर पान राहिलं. नाही थांबलं तर, "गोदू, हे पान चटणीत गेलं." एका गोष्टीत माझ्या नायिकेने अडीच पानं विलाप केला. काकूंनी तेवढ्यात एक नारळ संपवून दुसरा फोडला. तुम्ही भिंतीला टेकून म्हणालात, "बाईसाहेबांचं रडणं आटोपलं की मला उठवा." मी वही मिटून तडक निघाले. तुम्ही मागून हाक मारलीत ती माफी मागायला नव्हे. "रडणारं माणूस लिहू नकोस. रडताना त्याच्या हातात काय होतं ते लिही."

आठ दिवस मी धुमसत होते. नवव्या दिवशी नायिकेच्या हातात मी कोठीची चावी दिली. नवरा गेल्याचं कळतं आणि ती चावी कुठे ठेवायची ते तिला सुचत नाही, एवढंच. पुढच्या रविवारी वाचलं तेव्हा काकूंची विळी थांबली. त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मेली ती चावी." तुम्ही मात्र काहीच बोलला नाहीत. तुमचं कौतुक नेहमी असंच असायचं. नख उचललं नाही, म्हणजे कौतुक.

कोळणीची गोष्ट आठवते? मी रेवदंड्याच्या बंदरावरची एक कोळीण लिहिली होती आणि ती पुस्तकातल्यासारखी बोलत होती. तुम्ही वही वाचून उठलात, उपरणं घेतलंत आणि मला घेऊन चालत बंदरावर गेलात. जन्मात मासळीबाजारात पाऊल न टाकलेले तुम्ही, नाकाला उपरणं लावून एका उलट्या पाटीवर बसलात. तासभर. शेवटी हौसा कोळीण वैतागली. "काय मास्तर, म्हावरं घ्याचं हाय का नुस्तं बगाचं?" तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "आता लिही." हौसा ही हकिगत अजून सांगते. मास्तर बाजारात आले आणि कान भरून गेले, म्हणते.

आणि तुमची ती म्हण. म्हण कसली, तुम्हीच बनवलेली. मी मुंबईच्या एका गिरणीवाल्याच्या बिऱ्हाडावर गोष्ट लिहिली होती. बिऱ्हाड मी पाहिलं नव्हतं, म्हणून त्याला आमच्या घरासारखी मागची पडवी दिली. तुम्ही म्हणालात, "आपल्या गावची विहीर दुसऱ्याच्या वाडीत खणू नये." मी हसले. पडवीचं चाललं असताना मध्येच विहीर कुठून आली, असं मनात आलं. पण तुम्ही हे इतक्यांदा, इतक्या जणांना म्हणालात की ती विहीर खरी असेल असं कधी वाटलंच नाही. न पाहिलेलं लिहायचं असेल तर ज्याने पाहिलंय त्याला जाऊन विचार, हा त्या म्हणीचा दुसरा अर्धा भाग. तोही तुमच्या तोंडून शंभरदा ऐकला.

दोन वर्षांपूर्वी तुम्हीच धोशा लावलात. "गोष्टी पुष्कळ झाल्या. आता स्वतःचं लिही." मी म्हटलं, माझं असं काय आहे लिहिण्यासारखं? तुम्ही नजर अंगणाकडे वळवलीत. मग म्हणालात, "तुझी बहीण होती."

आक्का. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे माझी वेणी, माझे परकर, माझं औषध, सगळं तिच्याकडे. आमच्या वाडीत विहिरीला रहाट होता. आमचा गडी गोमा रेड्याला हाकायचा, मातीच्या गाडग्यांची माळ कुरकुरत वर यायची, पाणी पन्हळीतून दोणीत पडायचं आणि तिथून पाटाने माडा-पोफळींना जायचं. त्या कुरकुरीच्या ठेक्यावर आक्का ओव्या बसवायची. गोमा म्हणायचा, "ताय गायला लागली का रेडा बी नीट चालतो." हे सगळं मी लिहिलं आणि काकूंची विळी दर पानाला थांबली. मी फुशारून गेले होते. आक्काच्या मरणाचं प्रकरण मात्र मी दीड वर्ष पुढे ढकलत आले.

या श्रावणात ते आणलं. चांगलं झालं आहे असं मला वाटत होतं. एकही माणूस रडत नव्हतं. तुम्ही वही मांडीवर घेतलीत, आणि दुसऱ्या पानावर तुमचं नख थांबलं. ओढलं नाही, नुसतं टेकवून ठेवलंत. वाक्य असं होतं: 'त्या सकाळी विहिरीवर पाणी काढताना आक्काचा पाय घसरला.'

"हे वाक्य कुठून आणलंस?" तुम्ही विचारलंत.

"कुठून म्हणजे? असंच झालं."

"पाणी कशाने काढत होती?"

मी वहीतलं ते वाक्य पुन्हा वाचलं.

"गोदू, तुमच्या विहिरीला रहाट आहे. पाणी रेडा काढतो. घरात लागेल ते दोणीतून भरून नेतात. तुमच्या वाडीत दोर नाही, पोहरा नाही. विहिरीच्या काठावर वाकून पाणी काढायचं कारण कुणाला, कधी पडतं?"

तात्या, त्या विहिरीच्या काठी मी लहानाची मोठी झाले. तिच्या रहाटावर मी आधीची चार पानं लिहिली होती. आणि या प्रकरणात आक्का त्याच विहिरीतून हाताने पाणी काढत होती, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.  मग मी उसळले. मी म्हटलं, "तुम्हाला हो काय ठाऊक आमच्या विहिरीचं? तुम्ही तळा गावचे."

"म्हणूनच ठाऊक आहे," तुम्ही म्हणालात. ते मला तेव्हा कळलं नाही.

पुढे जे बोलले ते मी विसरलेले नाही. तुम्हाला दुसऱ्यांच्या जखमा कोरायची हौस आहे, असं म्हटलं. वडील जिवंत आहेत, पंचाहत्तरीला आलेल्या नानांच्या डोक्यावर मी हे छापून घालू का, असं म्हटलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मग छापू नकोस. कोरं ठेव, चालेल. पण तिथे खोटं लिहून ठेवू नकोस, नाहीतर उरलेली सगळी वही खोटी होते." मी म्हटलं, मास्तर, तुम्ही आयुष्यात एक ओळ लिहिली नाहीत आणि लोकांच्या ओळी तेवढ्या नासवल्यात. तुम्ही नेहमी सांगायचात ना, मला लिहिता येत नाही, वाचता येतं. तेच मी तुमच्या तोंडावर फेकलं. काकू विळीवरून उठल्या. मी वही तुमच्या मांडीवरून ओढून घेतली आणि पायऱ्या उतरले. मागून तुमचा आवाज आला. "गोदू, थांब. त्या दिवशी मी..."

मी थांबले नाही.

श्रावण गेला, भाद्रपद गेला, दिवाळी झाली. दिवाळीला मी प्रथमच तुमच्या पाया पडायला आले नाही. रविवारी दुपारी मला काही करायला नसायचं, तर मी मुलींच्या वह्या तपासत बसायचे, शाईने, भरपूर खोडून. मार्गशीर्षात हौसा शाळेच्या दारात आली. "बाय, मास्तरास्नी लय ताप हाय. काकूंनी सांगलंय, गोदूला ये म्हनावं." तो बुधवार होता. मी म्हटलं, "रविवारी येते म्हणावं." हौसा पाटी डोक्यावर घेता घेता म्हणाली, "ताप काय रइवार बगतो व्हय?"

तुम्ही शुक्रवारी गेलात. मी वर्गात मुलींना शुद्धलेखन घालत होते. निरोप आला तेव्हा मी हातातलं वाक्य पुरं सांगून मग पुस्तक मिटलं. माझ्या हातात काय होतं ते तुम्हाला सांगून ठेवते.

तेरावा झाल्यावर काकूंनी मला आत बोलावलं आणि तुमची पत्र्याची पेटी पुढे सरकवली. "तुझ्यासाठी म्हणून ठेवलंय. काय आहे मी बघितलेलं नाही. ते लिहीत बसले की मी तिकडे जात नसे." मी काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले. लिहीत बसले की?

वही जाड होती, पाठीशी दोऱ्याने शिवलेली. तुम्ही लिहीत होता, तात्या. किती वर्षं, कोण जाणे. तळ्याचं लहानपण आहे, तुमच्या वडिलांचं दुकान आहे, तिथली ती खोल विहीर आहे, जिच्यावर तुमची आई पहाटे दोराने पाणी ओढायची आणि तिच्या तळहातांना घट्टे पडले होते. किती चांगलं लिहिलं आहे. तुमच्या आईचे हात वाचताना माझी विळी थांबली. मग चौलला बदली होते, आणि चार महिन्यांनी एक सकाळ येते. त्या सकाळपाशी वही अडते. ते पान तुम्ही पुन्हा लिहिलं आहे, पुन्हा, पुन्हा. मी मोजायचं सोडून दिलं. शाई बदलते, अक्षर म्हातारं होत जातं, पान तेच. शेवटचं उतरवून घेते:

'पोलीस पाटील म्हणाले, मास्तर, तुमचं अक्षर सुरेख आहे, पंचनामा तुम्हीच लिहा. मी ओटीवर बसलो. विहीर घराच्या मागे होती, मी तिकडे गेलो नाही. बाई ओटीखाली ठेवली होती, तिच्याकडेही पाहिलं नाही. काय लिहू म्हणून विचारलं, कोणी बोलेना. मुलीच्या बापाने माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. मला विहीर म्हणजे एकच ठाऊक होती, आमची तळ्याची. मी लिहिलं, सदरहू बाई विहिरीतून पाणी काढीत असता पाय घसरून आत पडून मयत झाली. मग मोठ्याने वाचून दाखवलं. तिथे जमलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की त्या विहिरीला रहाट आहे. सगळ्यांनी सह्या केल्या. दाराआड एक लहान मुलगी उभी होती. तिने वाक्य ऐकलं. पुढच्या महिन्यात ती शाळेत माझ्यासमोर येऊन बसली.'

यापुढे पान कोरं आहे. मी ते खिडकीशी नेऊन तिरकं धरलं. 'पाणी काढीत असता'च्या खाली इतके ओरखडे आहेत की कागद तिथे कापडासारखा मऊ झाला आहे. एके ठिकाणी फाटला आहे.

म्हणजे ते वाक्य तुमचं होतं. मी ते दाराआडून ऐकलं, घरीदारी वीस वर्षं तेच ऐकत आले, आणि शेवटी माझ्या वहीत उतरवून तुमच्याच मांडीवर आणून ठेवलं. तुम्ही माझी चूक कशी पकडलीत याचं मला कौतुक वाटत होतं. अहो, तुम्ही तुमची पकडलीत.

मग मला तुमचा असा राग आला, जसा जिवंतपणी कधी आला नव्हता. कशासाठी शिकवलंत मला? ते रविवार, ती चावी, तो बंदरावरचा तास, सगळी त्या एका ओळीची भरपाई होती का? घरी नानांनी आक्कामागे माझ्या लग्नाचं नाव काढलं नाही. मला पुण्याला धाडलं. लोक म्हणाले, नाना सुधारक झाले. नाना सुधारक झाले नव्हते, घाबरले होते. आणि तुम्ही. माझ्या आयुष्यात दोन चांगल्या गोष्टी झाल्या, शिक्षण आणि लिहिणं, आणि दोन्ही आक्का मेली म्हणून झाल्या. हे कळल्यावर मी तुमच्या ओटीवर बसून राहिले आणि काकूंनी न विचारता माझ्यापुढे भाताचं ताट ठेवलं.

दोन दिवसांनी राग थोडा बसला, कारण एक गोष्ट मला टाळता येईना. तुम्ही निदान वीस वर्षं त्या पानाशी परत परत गेलात. मी एकदाही गेले नव्हते. तुम्ही विचारलंत, हे वाक्य कुठून आणलंस, तेव्हा मी चिडले ती नानांसाठी नव्हे. नाना मला ढालीसारखे पुढे धरायला उपयोगी पडले. त्या वाक्यात पाय घसरतो आणि सगळं संपतं. त्या वाक्यात मी कुठेच नाही. मला ते म्हणूनच आवडत होतं.

आता ऐका. तुम्ही विचारलं नाहीत, ऐकायला थांबलाही नाहीत, पण ऐका.

आक्काला पेणला दिली होती. पहिल्या दिवाळसणाला आली तेव्हा तिला तेल लावताना मी तिच्या पाठीवरचे डाग पाहिले. कोणाला सांगू नकोस म्हणाली, मी सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी आली ती परत जायचं नाही म्हणून बसली. नानांनी महिनाभर समजावलं, मग समजावणं संपलं. त्या सकाळी तिला न्यायला बैलगाडी दारात उभी राहिली आणि आक्का सापडेना. गोमा रेडा सोडून गाडीत सामान चढवत होता, त्यामुळे रहाट बंद होता आणि वाडीत इतकी सामसूम होती की माझाच श्वास मला ऐकू येत होता. नानांनी मला विचारलं, "आक्का कुठाय?" ती सुपारीच्या खोपीत झावळ्यांमागे लपली होती. तिने मला ओठांवर बोट ठेवून सांगितलं होतं. मी नऊ वर्षांची होते. नाना मला कधी मारत नसत, त्या दिवशीही मारणार नव्हते. मला कुणाचं भय नव्हतं. मला वाटलं, मी सांगितलं तर नाना मला शहाणी म्हणतील. मी खोपीकडे बोट केलं.

नाना आत गेले आणि मी पाठ फिरवली. पुढचं मी पाहिलं नाही. आक्का अंगणात आली ते फक्त ऐकलं. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "तोंड धुऊन येते," म्हणाली. दोणीवर जाते आहे असं सगळ्यांना वाटलं. गोमाने विहिरीतला आवाज ऐकला आणि तो धावला.

हे मी लिहिलं, तात्या. चार दिवसांत लिहिलं आणि कुठेही चांगलं वाक्य होऊ दिलं नाही. माझं बोट लिहिलं. ओटीवर मान खाली घालून लिहिणारे मास्तर लिहिले, विहिरीकडे न बघणारे. तुमचं नाव घातलं नाही, पण चौलमध्ये ज्याला कळायचं त्याला कळेल. काकूंना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यांना लिहायला जमलं नाही ते तू लिहितेस. मी कोण नाही म्हणणार?"

राहिले नाना. छापायचं की नाही ते पुढे बघू, पण त्यांच्यामागे लिहून ठेवायचं आणि त्यांच्यासमोर पानावर हात झाकायचा, हे मला आता करवेना. शिवाय प्रकरणात एक ओळ अशी होती जी मी पाहिली नव्हती. नाना खोपीत गेले तेव्हा माझी पाठ होती. मी लिहिलं होतं, 'नानांनी तिला हाताला धरून बाहेर आणलं.' बाप मुलीला कसा आणेल, तसं लिहिलं होतं. परवा सकाळी ती ओळ वाचताना तुमची विहीर डोळ्यांसमोर आली. ज्याने पाहिलंय त्याला जाऊन विचार.

काल दुपारी नाना मागच्या पडवीत सुपारी कातरत बसले होते. त्यांना दिसतं कमी, पण अडकित्ता चुकत नाही. मी म्हटलं, "नाना, मी आक्काचं लिहिलंय. वाचून दाखवू?" ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी वाचायला लागले. ओव्यांपाशी अडकित्ता चालू होता. पाठीवरच्या डागांपाशी मंदावला. 'मी खोपीकडे बोट केलं' हे वाचलं, आणि नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला मी विचारलं होतं. तू आपणहून नव्हतं सांगितलंस." एवढं त्यांनी मला दिलं. मग म्हणाले, "पुढे वाच."

मी पुढची ओळ वाचली. अडकित्ता थांबला.

 मागे रहाट चालू होता, आता गोमाचा मुलगा हाकतो. नानांनी मांडीवरच्या सुपाऱ्या एकेक करून सुपात ठेवल्या आणि हात मोकळे केले.

"हाताला नाही," ते म्हणाले.

मी वहीतून मान वर केली.

"केसांना. केसांना धरून ओढत आणली मी तिला. तू पाठमोरी होतीस." आणि मग, मुलाला गणित सांगावं तशा आवाजात, "तसं लिही."

मी तिथेच बसून 'हाताला' खोडलं आणि वर 'केसांना' लिहिलं. शाईने, तात्या. ती ओळ नानांना पुन्हा वाचून दाखवली, आणि त्यांनी मान हलवली.